जिन्याखालचा सर्व्हर

१

जिन्याखालच्या कपाटाचं कुलूप शाबूत होतं. आतला डबा जागेवर होता. वायरी जागेवर, वरचं फडकंही जागेवर. फक्त हिरवा दिवा विझलेला होता, आणि डब्याचं झाकण उघडून पाहिलं तर आतली डिस्क गायब.

माझी धाकटी बहीण जिन्याच्या पायरीवर बसली आणि रिकाम्या खाचेकडे बघत राहिली.

"उद्या सकाळी सुनावणी आहे, ताई," एवढंच म्हणाली.

मला माहीत होतं. त्याच सुनावणीसाठी आम्ही दुपारी वकिलाकडे जाऊन आलो होतो. तिचा नवरा रसायनांच्या कारखान्यात देखभालीचा फिटर. दीड महिन्यापूर्वी टाकीच्या खोलीत वायू साठला, धोक्याची घंटा वाजली नाही, आणि तो आणि त्याच्या हाताखालचा पोरगा, दोघंही आतच गेले. कारखान्याने दुसऱ्याच दिवशी कागद काढला: घंटा नीट ठेवणं ही फिटरची जबाबदारी, सबब दोन्ही मृत्यू फिटरच्या हलगर्जीपणामुळे. माणूस मेला की त्याच्या अंगावर काहीही टाकता येतं. तो झटकत नाही.

त्या पोराची आई रोज संध्याकाळी आमच्या फाटकाबाहेर उभी राहायची. शिव्या नाही, आरडाओरडा नाही. माझी बहीण खिडकीत दिसली की एकच वाक्य. "तुझ्या नवऱ्याने माझा मुलगा मारला." उद्या कारखान्याचा कागद मान्य झाला असता तर ते वाक्य सरकारी शिक्क्यासकट कायमचं आमच्या दाराला चिकटणार होतं.

आणि ते खोटं आहे हे दाखवणारी एकच वस्तू जगात होती. ती या डब्यात होती.

माझ्या मेहुण्याला जुन्या संगणकांचं वेड. लोकांनी भंगारात टाकलेलं उचलून आणायचा, पुसायचा, जिवंत करायचा. त्यातलंच एक यंत्र त्याने जिन्याखाली बसवलं होतं. घरचे फोटो, घरचा मेल, सगळं त्यावर. "आपलं सामान दुसऱ्याच्या घरात कशाला ठेवायचं?" असं म्हणायचा. आम्ही हसायचो. घंटा बिघडली आहे हे त्याने साहेबाला मेल करून कळवलं होतं, आणि कारखान्याच्या मेलवरून नाही, या घरच्या डब्यातून. कारखान्याचा साहेब आता म्हणत होता की असा मेल कधी आलाच नाही. कारखान्याच्या यंत्रातून तो पुसला गेला असणार. पण पाठवल्याची प्रत इथे होती, आणि समोरच्या यंत्राने 'मिळाला' म्हटल्याची नोंदही इथेच.

होती.

"शेवटचा चालू कधी पाहिलास?" मी विचारलं.

"काल संध्याकाळी. मी मंडळाच्या पानावर आवाज टाकला ना, तेव्हा चालू होता."

मंडळ म्हणजे या जुन्या यंत्रवाल्यांचा गट. त्यांचं पानही याच डब्यावरून चालायचं. जुन्या यंत्रांची माहितीपुस्तकं आणि जुन्या यंत्रांचे आवाज. हो, आवाज. कुठला प्रिंटर कसा खरखरायचा, कुठली डिस्क कशी कुरकुरायची, हे सगळं ही मोठी माणसं जमवतात. मेहुण्याने स्वतःच्या पहिल्या संगणकाचा आवाज टाकायचं कबूल केलं होतं, ते राहून गेलं. बहिणीने काल ते केलं.

"वकील सोडून मेलबद्दल कोणाकोणाला बोललीस?"

"तुला. भाऊजींना. आणि फ्लॉपींना, कारण मेलचा पासवर्ड मला माहीत नाही. ते आज संध्याकाळी येऊन वकिलांच्या माणसासमोर उघडून देणार होते." भाऊजी म्हणजे वरच्या मजल्यावरचा तिचा दीर, आणि फ्लॉपी मंडळातला, मेहुण्याचा मित्र.

"आणि या कुलपाच्या किल्ल्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिलाही तेव्हाच कळलं.

"तीन," ती म्हणाली. "माझी माझ्या पर्समध्ये आहे. दुसरी वर भाऊजींकडे. तिसरी फ्लॉपींकडे."

२

माझी नोकरी विमा कंपनीत. दावे तपासते. जळालेली दुकानं, बुडालेल्या गाड्या, पाय घसरून पडलेली माणसं. लोक खोटं कसं बोलतात ते बघायचा मला पगार मिळतो. संगणकातलं मला शष्प कळत नाही. पण चोरी कळते.

चोर घाईत असतो. वायर ओढतो, स्क्रू टाकून देतो, झाकण आडवंतिडवं पडलेलं असतं. या चोराने डिस्क काढून चारही स्क्रू पुन्हा आपापल्या भोकात फिरवून ठेवले होते. सुटलेली वायर धूळ बसू नये म्हणून दुमडून बांधली होती. वर फडकं घातलं होतं. असा आवरून जाणारा चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

बहीण म्हणाली, "आज सकाळी नेटवाला येणार होता. राउटर बदलायला. मी भाऊजींना सांगून गेले होते की किल्ली द्या म्हणून."

नेटवाला गल्लीच्या टोकाला शिडीवर सापडला. तोंडात वायरीचा तुकडा, कमरेला पक्कड.

"खाली उतर," मी म्हटलं.

"बाई, लाइन हातात आहे."

"तुझ्या लाइनीपेक्षा मोठं काहीतरी गेलंय. उतर."

उतरला. घाबरलेला नव्हता, वैतागलेला होता. खोटं बोलणारा आधी गोड बोलतो. हा पहिल्या वाक्यापासून भांडला.

"राउटर बदलला आणि गेलो. त्या डब्याला मी हात लावत नाही. फिटरसाहेबांनी एकदा झापलं होतं मला, चुकून प्लग काढला म्हणून. आठवडाभर टोमणे! तेव्हापासून त्या डब्याला मी लांबूनच नमस्कार करतो."

"तू गेलास तेव्हा दिवा?"

"हिरवा. पंखा फिरत होता. नवीन राउटर लागला की नाही ते मी त्यांच्या पानावरच बघितलं, फोनवर. चालू होतं. मग कुलूप लावलं, किल्ली वरच्या साहेबांच्या हातात दिली. त्यांना विचारा. कुठेतरी जायच्या गडबडीत होते, इस्त्रीचा शर्ट घालून."

म्हणजे चोरी त्यानंतरची. आणि वरचे साहेब इस्त्रीचा शर्ट घालून कुठेतरी निघाले होते.

३

बहिणीचा दीर त्याच कारखान्यात स्टोअरकीपर. भावाचा तेरावा झाल्यापासून आमच्याशी नजर मिळवत नव्हता. मला वाटायचं दुःख असेल. माणसाने नजर चुकवली की दुःख समजायचं, ही आपली जुनी खोड.

दार उघडलं तेव्हा तो बनियनवर होता. इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर.

"डिस्क कुठे आहे?" मी विचारलं.

"कसली डिस्क, ताई?"

"जिन्याखालची. किल्ली तुझ्याकडे होती. नेटवाल्याने तुझ्या हातात दिली."

"दिली. खिळ्याला अडकवली. ती बघा." किल्ली खिळ्यालाच होती. "मी लगेच बाहेर पडलो. आत्ता आलोय."

"कुठे गेला होतास?"

"काम होतं."

"सुट्टीच्या दिवशी? कडक इस्त्री करून?"

मी वाट बघत बसले. हे मला चांगलं जमतं. समोरच्याच्या कपाळावर घाम येईपर्यंत मी खुर्चीसारखी बसू शकते.

"ताई, माझी दोन मुलं आहेत," तो म्हणाला.

"माझ्या बहिणीला एक नवरा होता."

"मी डिस्क नाही घेतली! आईशप्पथ नाही घेतली. मी तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये होतो. सकाळपासून तुम्ही यायच्या थोडं आधीपर्यंत. गेटवर नोंद आहे, साहेबांचा शिपाई सांगेल, कोणालाही विचारा."

"केबिनमध्ये काय करत होतास?"

त्याने खाली पाहिलं. खुर्चीवरच्या शर्टाची बाही उगाच सरळ केली.

"सही," तो म्हणाला.

"कशावर?"

"जबानीवर. की... की दादा कामावर लक्ष देत नसे. रात्री त्या जुन्या यंत्रांशी जागायचा आणि कामावर डुलक्या काढायचा. असं."

म्हणजे चोर म्हणून हा सुटला. आणि चोरापेक्षा हलका माणूस हाती लागला. हा म्हणतो, गुन्ह्याच्या वेळी मी तिथे नव्हतो, मी माझ्या मेलेल्या भावाला विकत होतो. याहून भक्कम पुरावा कोणाला मिळणार?

"डुलक्या काढायचा?"

"नाही," तो पुटपुटला. "कधीच नाही."

"मग ती घंटा का बिघडली? निदान ते तरी खरं सांग."

"चूक दादाची नव्हतीच, ताई. म्हणजे घंटा चालवणारा संगणक जुना, त्याचे भाग मिळत नाहीत कुठे. साहेबांनी नवीन घ्यायला नकार दिला. मग दादानेच बाहेरच्या कोणाकडून तरी त्यात सर्किटचं कार्ड बसवून घेतलं. कोणाकडून ते मला माहीत नाही. स्टोअरमध्ये पावतीच आली नाही."

मी उठले. दारात थांबले.

"उद्या सुनावणीला ये," मी म्हटलं. "तोच शर्ट घालून ये. वहिनीच्या समोर बसून वाच ती जबानी."

४

खाली आले तर फ्लॉपी आलेला होता.

फ्लॉपी म्हणजे मेहुण्याचा जिवलग. जुनी यंत्रं दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. मंडळात सगळे त्याला फ्लॉपीच म्हणतात, खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. उंच, वाकलेला, चष्मा दोरीला. तिरडीला खांदा देताना हाच सर्वात जास्त रडला होता. डब्यासमोर तो मांडी घालून बसला होता, हातातली पिशवी तशीच.

"वहिनी, संपलं हो," तो म्हणत होता. "या जुन्या डिस्का म्हणजे काचेचं काम. कोणा अडाण्याने हिसडून काढली असेल तर गेलीच समजा. कारखान्याचा माणूस असणार, दुसरं कोण?"

"कुलूप तुटलेलं नाही," मी म्हटलं.

"असली कुलपं हेअरपिनने उघडतात, ताई."

"आणि तुमच्याकडे प्रत नाही? तुम्ही लोक एकमेकांच्या घरी प्रती ठेवता ना? मेहुणा सांगायचा. एकाचं घर जळलं तर दुसऱ्याकडे असावं म्हणून."

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला.

"ठेवतो. पण माझी लाइन मध्ये बंद होती, आणि मग मीच आळस केला. माझ्याकडची प्रत अपघाताच्याही बऱ्याच आधीची आहे. तीही फक्त मंडळाच्या पानाची. मेल त्याचे खासगी, ते मी कधी घेतले नाहीत." त्याचा आवाज फाटला. "एवढं मात्र करतो, वहिनी. त्या जुन्या प्रतीवरून पान माझ्या घरून चालू करतो. पत्ता माझ्याकडे वळवायचा, बस. पान पडलंय म्हणून मंडळातले सगळे दुपारपासून विचारतायत. निदान त्याचं पान तरी बंद पडायला नको."

बहिणीने हात जोडले. मला तेव्हा तो माणूस देवासारखा वाटला, हे मी लपवणार नाही. माझा अंदाज कारखान्यावर पक्का होत चालला होता. साहेब, साहेबाची माणसं, हेअरपिन. सगळं जुळत होतं.

फक्त ते चार स्क्रू जुळत नव्हते. साहेबाच्या भाडोत्री माणसाला काय पडलंय स्क्रू परत लावायचं?

फ्लॉपी गेला. मी वकिलाला फोन केला. तो म्हणाला, "लेखी काही नसेल तर उद्या मी फक्त विनंती करू शकतो. विनंतीवर कोणी निर्दोष सुटत नाही, बाई."

बाहेर फाटकाशी ती उभी राहिली होती. पोराची आई. नुसतीच बघत होती.

मी पडदा ओढायला गेले तेवढ्यात बहिणीचा फोन किणकिणला. मंडळाचा निरोप होता. पान पुन्हा चालू झालं.

"बघू," ती म्हणाली, आणि पान उघडून टेबलावर ठेवलं. मी चहा टाकायला आत वळले. मागून खरखर ऐकू आली. जुनी डिस्क कुरकुरली, एक बारीकशी शिट्टी वाजली, पंखा घरघरला. मग एका बाईचा आवाज, भरून आलेला.

"झालं बघा. झाला चालू तुमचा."

मी चमच्यासकट बाहेर आले.

"हा तुझा आवाज आहे."

"हो. काल मीच बोलले, बोलून गेले. कापायचं कसं ते कळेना, म्हणून तसंच—" ती थांबली. तिचे डोळे माझ्यावर आले.

"काल," मी म्हटलं.

"काल," ती म्हणाली.

अपघाताच्या आधीच्या प्रतीत कालचा आवाज नसतो.

५

फ्लॉपीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. अंधार पडायला अजून अवकाश होता. भिंतभर फळ्या, फळ्यांवर कागदात गुंडाळलेल्या डिस्का, जुन्या संगणकांचे पोट सुटलेले पडदे, पिवळे पडलेले कळफलक, आणि सगळ्यावर डाख लावल्याचा वास. मधल्या टेबलावर एक यंत्र झाकण काढून चालू होतं.

आम्हा दोघींना पाहून तो उठला. त्याने पहिली गोष्ट काय केली असेल? त्या उघड्या यंत्रावर पुठ्ठा सरकवला.

"या ना वहिनी. पान बघितलंत? लागलं ना?"

"लागलं," मी म्हटलं. "प्रत कधीची म्हणालात?"

"जुनी. सांगितलं ना, अपघाताच्या आधीची."

मी बहिणीचा फोन टेबलावर ठेवला आणि आवाज लावला. खरखर. शिट्टी. घरघर. *झालं बघा. झाला चालू तुमचा.*

माणूस पकडला गेला की दोन प्रकार असतात. एक ओरडतो. दुसरा अंग सोडून देतो. फ्लॉपी खुर्चीत बसला तो पोत्यासारखा.

"हा आवाज तिने काल संध्याकाळी टाकला," मी म्हटलं. "तो त्या डिस्कवर होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. नेटवाला गेला तेव्हा डबा चालू होता. दीर कारखान्यात होता, नको ते काम करत होता. किल्ली राहिली तुमची. आणि स्क्रू परत लावून, फडकं घालून जाणारा चोर तुमच्या जातकुळीचाच असतो. तुम्ही डिस्क नेली, आणि मंडळ ओरडायला लागल्यावर तीच इथे लावून पान चालू केलंत. शेवटी काय टाकलंय ते बघितलंही नाहीत."

"माझ्याकडे प्रतच नव्हती," तो म्हणाला. "कधीच घेतली नाही. आज घेऊ, उद्या घेऊ. पण त्याचं पान बंद पडलेलं मला बघवेना हो."

"पान बघवेना!" बहिणीचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "पान बघवेना, आणि मी बघवत होते? दारात रोज ती बाई उभी राहते ते बघवत होतं? तुम्ही माझ्या नवऱ्याला खांदा दिलात!"

त्याने यंत्रावरचा पुठ्ठा सरळ केला.

"कार्ड तुम्ही बसवलंत," मी म्हटलं. "घंटेचं."

त्याने मान हलवली. हो म्हणून.

"भंगारातलं होतं. इथे चाललं, चांगलं चाललं. तिथे उष्णतेत अधूनमधून मान टाकायला लागलं. त्याने मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, येतो, बघतो. मग तो म्हणाला, मी साहेबांना लिहून कळवलंय. आठवड्याने तो गेला." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काल वहिनींनी मेलचं सांगितलं. मला वाटलं त्यात माझं नाव असणार. उघडून बघायचाही धीर झाला नाही. तुरुंगात जाईन मी."

"मग मेल घरबसल्या पुसायचा होता. तुम्हाला येतं ते."

"मेलचा पासवर्ड माझ्याकडेच होता, सगळ्यांना माहीत आहे. डिस्क गेली तर बोट कारखान्याकडे जातं." तो थांबला. "आणि पुसायला हातही होईना."

"फोडायची."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एखादं मूल आपटायला सांगितलं. तेव्हा माझं डोकं सटकलं. मी फळीवरून एक डिस्क उचलली आणि फरशीवर आपटली. तो किंचाळला. खरोखर किंचाळला. खाली बसून दोन्ही हातांनी ती उचलायला लागला.

"बघ," मी बहिणीला म्हटलं. "बघून घे. लोखंडासाठी याचा जीव जातो. माणसासाठी चष्मा पुसतो."

"ताई, पुरे," ती म्हणाली. तिने टेबलावरचा पुठ्ठा बाजूला केला. "फ्लॉपी, उठा. मेल उघडा."

६

त्याने उघडला. बोटं चुकली नाहीत. तिने त्याला बाजूला उभं केलं आणि स्वतः वाचायला बसली. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते. तोही वाचत होता, पहिल्यांदाच.

*साहेब, टाकीच्या खोलीतली धोक्याची घंटा विश्वासाची राहिलेली नाही. तिचं कार्ड तापलं की बंद पडतं. तोंडी दोनदा सांगितलं, म्हणून आता लिहून देतो. कार्ड बदलेपर्यंत त्या खोलीतलं काम बंद ठेवा. कार्ड बसवणाऱ्याची चूक नाही, त्याला आम्ही जुन्यातलंच भागवायला सांगितलं होतं. त्याचं नाव यात आणू नका. तो माझा माणूस आहे, त्याच्याकडून मी करून घेतो.*

खाली दुसऱ्या टोकाची नोंद. तारीख, वेळ, आणि कारखान्याच्या यंत्राने मेल स्वीकारल्याची ओळ.

फ्लॉपी भिंतीला टेकला आणि खाली घसरला. मला त्याची दया आली नाही. यावी असं काही त्याने केलं नव्हतं.

वकिलाला फोनवर वाचून दाखवला. तो आनंदाने जवळजवळ ओरडलाच. मग म्हणाला, "शेवटची ओळ मात्र अडचणीची. फिटरला बिघाड ठाऊक होता आणि त्याने मित्राला पाठीशी घातलं, असा अर्थ निघेल. आपण फक्त वरचा भाग दाखवू."

"वहिनी, तेवढंच दाखवा," खालून फ्लॉपी म्हणाला. "तोच म्हणतोय ना, नाव आणू नका."

बहीण उठली. डिस्क यंत्रातून तिने त्यालाच काढायला लावली, आणि मग ती आपल्या पदरात गुंडाळून घेतली.

"तुम्हीही उद्या या," ती त्याला म्हणाली. "नाव तुम्ही स्वतः सांगायचं."

७

सुनावणीची खोली लहान होती. चौकशी अधिकारी, टंकलेखक, कारखान्याचे साहेब आणि त्यांचा वकील. मागच्या बाकावर दीर, कालच्याच शर्टात. त्याची जबानी वाचायची वेळ आली तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, "ही खोटी आहे, मला मागे घ्यायची आहे." एवढं बोलून बाहेर जाऊन ओकला. ठीक आहे. काहीजणांची हिंमत अशीच बाहेर पडते.

बहिणीने मेल वाचला. सबंध वाचला, शेवटच्या ओळीसकट. आमच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. वकिलाचा माणूस डिस्क घेऊन उभा होता, अधिकाऱ्याने नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. साहेब म्हणाला की असे मेल रोज शंभर येतात, लक्षात राहत नाही. काल तो आलाच नव्हता. आज लक्षात राहिला नव्हता.

फ्लॉपी आपणहून उठला, मेहुण्याने दोनदा सांगूनही आपण गेलो नाही हे कबूल केलं, आणि त्याने नाव सांगितलं. खरं नाव. माझ्या लक्षात राहिलं नाही.

कारखान्याचा वकील उभा राहिला. "म्हणजे बाई, तुमच्या यजमानांना बिघाड माहीत होता."

"होता," ती म्हणाली. "म्हणूनच कळवला. तुमच्या साहेबांनाही माहीत होता. त्यांनी काम चालू ठेवलं."

"माहीत असून यजमान आत गेले? वायूरोधक मुखवटा न घालता?"

"पोरगा आत पडला होता. त्याला काढायला गेले."

अधिकाऱ्याने टंकलेखकाला सांगितलं, "फिटरच्या हलगर्जीपणामुळे, हे काढा." कळफलकाचा आवाज झाला. दीड महिना आमच्या उरावर बसलेलं वाक्य तेवढ्यात गेलं. मी बहिणीचा हात धरायला गेले.

तेवढ्यात भिंतीलगतची बाई उठली. पोराची आई. तिला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी अडवलंही नाही. ती सरळ माझ्या बहिणीसमोर येऊन उभी राहिली.

"साहेबाला लिहिलं," ती म्हणाली. "मित्राला दोनदा सांगितलं. माझा मुलगा रोज त्याच्या शेजारी उभा राहून काम करायचा. त्याला का नाही सांगितलं?"

आमचा वकील कागद चाळायला लागला. माझ्या ओठांवर आलं होतं की तो तुझ्या मुलासाठी मेला हे आत्ताच ऐकलंस ना, बाई. मी ते गिळलं, कारण तिचा प्रश्न खरा होता. हाताखालच्याला कोण सांगतं? वर लिहायचं, बाजूला सांगायचं. खाली मात्र कोणी सांगत नाही. माझा मेहुणा चांगला माणूस होता, आणि त्यानेही सांगितलं नाही.

"सांगायला हवं होतं," बहीण म्हणाली. तिने नजर वळवली नाही. "त्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं."

टंकलेखकाची बोटं थांबली होती. त्याने अधिकाऱ्याकडे पाहिलं.

"साहेब, हे घ्यायचं का?"

अधिकाऱ्याने उत्तर द्यायच्या आत बहीण म्हणाली, "घ्या. हेही लिहा."